मुद्दाम मलेरिया द्यायचा प्रोटोकॉल समोर आला तर काय करायचं : कमिटीवरच्या साध्या माणसासाठी

हे डॉक्टरांसाठी नाहीये. ज्यांना एखाद्या हॉस्पिटलच्या इथिक्स कमिटीवर लेपर्सन म्हणून बसवलंय, म्हणजे रिटायर्ड बँकवाले, शाळेतल्या बाई, कुणाच्यातरी ओळखीने पकडून आणलेले आपल्यासारखे लोक, त्यांच्यासाठी आहे. पुण्यात हॉस्पिटलं आणि रिसर्च सेंटरं ढिगाने, आणि ट्रायल करायची तर कमिटी लागतेच, त्यामुळे तुमच्या सोसायटीतसुद्धा एखादा असा मेंबर निघेल. मी बरीच वर्षं बसतेय. नेहमीचे प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायल कशी करणार त्याचा लेखी आराखडा, आता सवयीचे झालेत, पण धडधाकट माणसाला मुद्दाम इन्फेक्शन द्यायचं आणि लस चालते का ते बघायचं हा प्रकार वेगळाय, आणि तो आज ना उद्या आपल्या टेबलावर येणार हे धरून चाला, कारण आयसीएमआरने, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये असल्या अभ्यासांबद्दल भूमिका जाहीर केलीये आणि मलेरियाची आर-२१ लस तर आपल्याच पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते.

आधी हे समजून घ्या की लोक हे करतात कशाला, नाहीतर मीटिंगमध्ये पहिल्याच वाक्याला "छे छे, माणसं काय उंदीर आहेत का" म्हणाल आणि डॉक्टर मंडळी हसून पुढचा विषय घेतील. मलेरियाची पहिली लस आरटीएस-एस, तिची मोठी चाचणी २००९ ते २०१४ चालली, आफ्रिकेतले ७ देश आणि साडेपंधरा हजारांच्या आसपास लहान मुलं. एवढा पसारा मांडायच्या आधी ही लस अमेरिकेत मूठभर व्हॉलंटियर्सना देऊन त्यांना मलेरियाचे डास चाववले होते, १९९७ साली त्याचा निकाल छापून आला, सगळ्यात चांगल्या फॉर्म्युल्याच्या गटातल्या ७ पैकी ६ जणांना मलेरिया झालाच नाही. म्हणजे लस पुढे न्यायच्या लायकीची आहे का हे ७ माणसांत कळलं. जी लस कामाची नाही ती इथेच बाद होते आणि हजारो मुलांना उगाच टोचावी लागत नाही. टायफॉइडचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं, ते परजीवीचं नाही बॅक्टेरियाचं आहे पण सांगते, हैदराबादच्या भारत बायोटेकची लस ऑक्सफर्डला तपासली गेली, तिथल्या व्हॉलंटियर्सनी टायफॉइडचे जंतू सोडा घातलेल्या पाण्यातून प्यायले, २०१७ मध्ये निकाल आला आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने लसीची शिफारस केली. लस आपली, तापाने फणफणले ते, आणि फायदा पुन्हा आपल्याच पोरांना. त्यामुळे हा प्रकार मुळातच वाईट असं मी म्हणत नाही. मी म्हणते कसा करतात ते बघा.

आता कामाचं. फाइल येईल दीडदोनशे पानांची पीडीएफ, शुक्रवारी संध्याकाळी, आणि मीटिंग असेल सोमवारी. पहिल्या पानापासून वाचू नका. सुरुवातीला मलेरियाने जगात वर्षाला सुमारे ६ लाख माणसं मरतात वगैरे असेल, ते खरंच आहे आणि त्यात बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं असतात, पण ते वाचून मन आधीच हो म्हणायला लागतं. शेवटाकडून वाचा. "विथड्रॉवल" (मधेच बाहेर पडणं) आणि "रेस्क्यू ट्रीटमेंट" (तेव्हा द्यायचे उपचार) असं जिथे लिहिलंय ते पान आधी काढा आणि मग एकच गोष्ट डोक्यात ठेवून बाकीची फाइल वाचा: हा माणूस मधेच "मला नको" म्हणाला तर त्या दिवशी त्याचं काय होणार?

साध्या लसीच्या ट्रायलमध्ये हा प्रश्न सोपा असतो. व्हॉलंटियर कंटाळला, फोन उचलेनासा झाला, संपलं. फॉर्मवर छापलेलंच असतं की तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता. पण इथे इन्फेक्शन दिल्यावर माणूस ट्रायलमधून बाहेर पडला तरी परजीवी त्याच्यातून बाहेर पडत नाही. तेच छापील वाक्य इथे जसंच्या तसं चिकटवलेलं दिसलं की लाल पेन काढायचं.

प्रत्यक्षात काय करतात ते डोळ्यासमोर आणा. एका छोट्या डब्यात पाच डास, वरून जाळी, त्यावर व्हॉलंटियर हात ठेवून पाचदहा मिनिटं बसतो. मग रक्त प्यायलेले डास लॅबमध्ये नेऊन मायक्रोस्कोपखाली त्यांच्या लाळग्रंथी उघडून बघतात की आत परजीवी होते का, नसतील तर आणखी डास. (काही ठिकाणी डासांऐवजी इंजेक्शनने देतात.) परजीवी फाल्सिपेरम जातीचा असेल तर तो पहिला साधारण आठवडाभर लिव्हरमध्ये बसतो, माणसाला काहीही होत नाही, तो बाइकवरून कामाला जातो. त्यानंतर परजीवी रक्तात उतरतात आणि तिथून रोज पीसीआर, ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की लगेच गोळ्या. ताप, अंगदुखी, डोकं ठणकणं हे दोनतीन दिवस होतं, आणि वेळेत औषध मिळालं तर माणूस ठणठणीत. वेळेत हा शब्द महत्त्वाचा, कारण फाल्सिपेरम हा मेंदूपर्यंत जाणारा मलेरिया आहे.

आता धरा की तिसऱ्या दिवशी व्हॉलंटियर मुलाला लातूरहून फोन आला, आजी सिरीयस आहे, आणि तो स्वारगेटला जाऊन गाडीत बसला. अंगात ताप नाही काही नाही. अकराव्या दिवशी गावात थंडी वाजून येते आणि गावचा डॉक्टर म्हणतो व्हायरल आहे. हा प्रसंग मीटिंगमध्ये सांगा आणि विचारा की तिसऱ्या दिवशी निघाला तर तुम्ही त्याला कोणती गोळी देणार, आणि ती गोळी लिव्हरमधल्या परजीवीवर चालते का. उत्तर "आमच्याकडे उत्तम औषध आहे" असं आलं तर पुरेसं नाही. आर्टेमेथर-लुमेफँट्रिन हे नेहमीचं औषध रक्तातल्या परजीवींसाठी आहे, लिव्हरमधल्यांसाठी त्याचा भरवसा नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे फाल्सिपेरमच्या लिव्हरमधल्या अवस्थेवरही चालतं. तुम्हाला ही नावं तोंडपाठ असायची गरज नाही, लेपर्सनने औषध सांगायचं नसतं, पण "कोणत्या दिवशी कोणतं" असा तक्ता प्रोटोकॉलमध्ये आहे का हे विचारायला एमबीबीएस लागत नाही. नसेल तर मागून घ्या.

हाच प्रश्न दुसऱ्या परजीवींना लावून बघा म्हणजे गंमत कळेल. शिस्टोसोमा नावाचा चपटा जंत, गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंतून माणसाच्या कातडीत घुसतो, आफ्रिकेत कोट्यवधींना होतो. आपल्याकडे नाहीच असं सगळे म्हणतात पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५०च्या दशकात त्याचे रुग्ण सापडले होते, हे सहसा कुणाला माहीत नसतं. तर हॉलंडमधल्या लायडनच्या लोकांनी याचं फार हुशारीने केलं. या आजारात नुकसान करतात ती जंतांची अंडी, म्हणून त्यांनी व्हॉलंटियर्सना फक्त नर जंतांची पिल्लं दिली, मादीच नाही तर अंडी कुठून येणार. १७ जण होते. वाचून मी मनातल्या मनात टाळी दिली. पण तिथेही मेख आहे: त्यावरचं औषध प्रॅझिक्वांटेल, ते वाढलेल्या जंतांवर चालतं, कोवळ्यांवर नीट चालत नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात एखादी म्हणाली की मला आत्ताच्या आत्ता हे अंगातून काढून हवंय, तर तिला काही आठवडे थांब म्हणावं लागणार. हे तिला सही करायच्या आधी, स्पष्ट, फॉर्मच्या पहिल्या पानावर सांगितलं होतं का? सांगितलं असेल आणि तरी ती तयार असेल तर माझी ना नाही.

व्हायवॅक्स मलेरिया, जो आपल्याकडे भरपूर आहे, त्याचं दुखणं उलट आहे. रक्तातला गेला तरी लिव्हरमध्ये झोपलेले राहतात आणि महिन्यांनी उठतात. ते मारायला प्रायमाक्वीन लागतं, ते जी-सिक्स-पीडी हे रक्तपेशींतलं एन्झाइम कमी असलेल्या माणसाला दिलं तर रक्तपेशी फुटतात, आणि काही जणांच्या शरीराची ठेवणच अशी असते की प्रायमाक्वीन त्यांच्यात पुरेसं कामच करत नाही. म्हणून काही संशोधक डास टाळून थेट परजीवी असलेलं रक्त टोचतात, लिव्हरचा टप्पाच नाही तर झोपायला कुणी नाही, पण मग दुसऱ्याचं रक्त अंगात जातं आणि त्या दात्याच्या तपासण्यांची फाइल बघावी लागते. लीशमॅनिया नावाच्या परजीवीचं इंग्लंडमध्ये वाळूमाशी चाववून केलं, त्यात काळा आजार करणारी जात न घेता कातडीवर फोड आणणारी सौम्य जात घेतली, पण त्या फोडाचा डाग हातावर राहतो. हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या अळ्या कातडीवर ठेवतात, खूप खाज येते, पण ते शरीरात स्वतःची संख्या वाढवत नाहीत, जेवढे दिले तेवढेच, म्हणून त्यातल्या त्यात हिशोबात राहतात. हत्तीरोगाचा असा प्रोटोकॉल कुणी आणला तर मात्र सरळ नाही म्हणा, मोठे जंत वर्षानुवर्षं राहतात आणि त्यांना झटकन मारणारं खात्रीचं औषध नाही.

पूर्ण धोका शून्य कधीच नसतो हेही लक्षात असू द्या. नेदरलँड्समध्ये मलेरियाच्या अशाच एका चाचणीत एका तरुण व्हॉलंटियरला उपचारानंतर थोड्याच दिवसांत हृदयाचा त्रास झाला, ती बरी झाली, कारण नक्की कशाने हे ठरवता आलं नाही, पण त्यानंतर हृदयाच्या तपासण्या कडक झाल्या. "आतापर्यंत हजारो लोकांवर झालंय" हे खरं आहे, तरी ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी) केव्हा केव्हा करणार हे विचाराच.

मग डासांचं. यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही, कारण बहुतेक अनुभव थंड देशांतला, तिथे बाहेर मलेरियाचा डासच नाही. पुण्यात आहे. ॲनोफिलीस स्टीफेन्सी, शहरातल्या गच्चीवरच्या टाक्यांमध्ये, बांधकामावरच्या हौदांमध्ये मजेत वाढतो. व्हॉलंटियरच्या रक्तात डासाकडे जाणारी अवस्था तयार झाली तर त्याच्या खोलीतल्या माणसांनी कुठल्या फॉर्मवर सही केलीय? फाल्सिपेरममध्ये ती अवस्था उशिरा येते, लवकर औषध दिलं तर बहुधा येतच नाही, व्हायवॅक्समध्ये ती लवकर येते. त्यामुळे व्हायवॅक्स असेल आणि पावसाळ्यात करणार असतील तर व्हॉलंटियर वॉर्डातच राहणार का, जाळ्या आहेत का, शेवटच्या तपासणीत परजीवी शून्य आल्याशिवाय सोडणार नाही ना, हे लिहून घ्या. महापालिकेच्या मलेरिया विभागाला कळवलंय का हेही विचारा, बऱ्याचदा या प्रश्नावर शांतता पसरते.

पैसे. सगळ्यात जास्त वाद इथेच होतो आणि सगळ्यात कमी अक्कल इथेच वापरली जाते. एक पार्टी म्हणते जास्त पैसे म्हणजे आमिष, म्हणून फक्त बसभाडं द्या. दुसरी म्हणते त्रास सोसतोय तर भरपूर द्या. बसभाड्यावाल्यांना मी विचारते की तुमचा सिक्युरिटी गार्डही फुकट काम करतो का. गेलेले दिवस, रोज टोचलेली सुई, तापाचे दिवस याचे पैसे द्यायलाच हवेत. खरा धोका पैशांच्या आकड्यात फारसा नाही, तो हप्त्यांमध्ये लपवतात: सगळी रक्कम शेवटच्या व्हिजिटला, आणि मधे सोडलं तर काहीच नाही. म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा कागदावर उघडा आणि प्रत्यक्षात त्याला कुलूप. प्रत्येक व्हिजिटचे पैसे त्या व्हिजिटला मिळाले पाहिजेत, आणि सोडून जाणाऱ्यालाही उपचार आणि फॉलोअपच्या दिवसांचे मिळाले पाहिजेत. यावर अडून बसा.

आणि येणार कोण आहे हे पुण्यात राहून आपल्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं. सदाशिव पेठेत नारायण पेठेत कॉटबेसिसवर राहणारी एमपीएससीची पोरं, तब्येतीने चांगली, वय पंचविशीचं, शिकलेली, रिकामा वेळ आहे आणि मेसचं बिल थकलंय, घरून पैसे मागायची लाज वाटते. कागदावर आदर्श व्हॉलंटियर! ती काही बिचारी अडाणी नाहीत, निर्णय घेऊ शकतात, त्यांना बंदी घालणं हाही अपमानच. पण अशा मुलाचं घर दोनतीनशे किलोमीटर लांब आणि घरी त्याने सांगितलेलंच नसतं. म्हणून दुसरा संपर्क माणूस कोण, तो खरंच अस्तित्वात आहे का, परीक्षा कधी आहे, ती ट्रायलच्या मधे येते का, इतकं साधं विचारायला लावा. आणि ट्रायल करणाऱ्या हॉस्पिटलचे स्वतःचे नर्सिंगचे विद्यार्थी, वॉर्डबॉय, हाताखालचे ज्युनिअर घ्यायचे नाहीत, हे विनंती म्हणून नको, अट म्हणून.

कुणीतरी म्हणेलच, "अहो, सही केलीय ना त्यांनी?" तेव्हा शांतपणे सांगा की अमेरिकेत स्टेटव्हिलच्या तुरुंगात १९४०च्या दशकात कैद्यांना मलेरिया दिला तेव्हा त्यांनीही सह्या केल्या होत्या, आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी त्याचाच दाखला दिला. आपल्याकडचं हवं असेल तर २००९-१० मधलं एचपीव्ही लसीचं प्रकरण, तिथे इन्फेक्शनचा संबंध नव्हता, पण आंध्रात आश्रमशाळा-वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर वॉर्डननी सह्या केलेल्या निघाल्या. सही होतीच की.

त्यामुळे फॉर्म तपासायची माझी पद्धत अशी. मराठी फॉर्मची प्रिंट काढायची, आतली खरी माहिती काही बाहेर द्यायची नसते, ते नियम पाळायचे, म्हणून मीटिंगमध्येच एखाद्या दुसऱ्या नॉन-मेडिकल मेंबरला मोठ्याने वाचायला लावायचं, मग कागद उलटा ठेवून विचारायचं की सांगा आता, तुम्हाला कितव्या दिवशी ताप येईल, रात्री दोनला आला तर काय कराल, पुण्याबाहेर किती दिवस जाता येणार नाही, रक्तदान करता येईल का, मधेच सोडलं तर गोळ्या घ्याव्या लागतील का. आपल्या वकील मेंबरला यातलं निम्मं सांगता आलं नाही तर त्या पोराला काय सांगता येणार. व्हॉलंटियरचीही अशीच छोटी परीक्षा घ्यायची, त्यात नापास झाला तर घ्यायचं नाही, आणि सही त्याच दिवशी घ्यायची नाही, घरी जाऊन झोपून ये म्हणायचं.

भरपाईचं पान नीट बघा कारण यात एक छुपी गाठ असते. क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, आणि मृत्यू झाला तर भरपाईचं गणित ठरलेलं आहे: ८ लाख गुणिले वयानुसार नियमांतल्या तक्त्यात दिलेला आकडा गुणिले धोक्याचा आकडा भागिले ९९.३७, निरोगी माणसाला धोक्याचा आकडा ४ धरतात. पंचवीस वर्षांच्या माणसासाठी हे सत्तर लाखांच्या आसपास जातं. विमा तेवढा काढलाय का ते बघा. आणि गाठ अशी की इथे आजार हाच मुद्दाम दिलेला असतो, म्हणून कुणीतरी हुशारीने लिहितं की मलेरियाची लक्षणं "अपेक्षित" आहेत, इजेत मोडत नाहीत. ताप अपेक्षित असू दे, पण ॲडमिट करावं लागलं, मेंदूपर्यंत गेला, दोन महिन्यांनी उलटला, तर तो खर्च कोणाचा हे एका सरळ वाक्यात लिहून घ्या.

मीटिंगमध्ये बोलायची भीती वाटते हे मला मान्य आहे, समोर चाळीस वर्षं प्रॅक्टिस झालेले सर, बटाटेवडे आलेत, सगळ्यांना पाचला निघायचंय. एक लक्षात ठेवा: लेपर्सन हजर नसेल तर नियमाप्रमाणे कोरमच होत नाही. तुम्ही शोभेला नाही आहात. "मला कळलं नाही" हे वाक्य बिनधास्त वापरा, आणि पटलं नाही तर तुमचं वेगळं मत मिनिट्समध्ये लिहायला सांगा, नुसतं तोंडी बोलून सोडू नका, पुढच्या मीटिंगला ते कुणाला आठवत नाही. ज्या मेंबरचा त्या ट्रायलशी संबंध आहे त्याने मतदानाच्या वेळी खोलीबाहेर जायचं असतं, जात नसेल तर आठवण करून द्या, वाईटपणा येतो थोडा, येऊ दे.

मंजुरी दिली तरी काम संपत नाही. फॉर्मवरचा चोवीस तास चालणारा नंबर एखाद्या रविवारी मध्यरात्रीनंतर स्वतः लावून बघा, कोण उचलतं, मराठीत बोलतं का, आणि मलेरिया ट्रायलचा व्हॉलंटियर बोलतोय म्हटल्यावर त्याला काही अर्थबोध होतो का. पहिल्या दोनतीन जणांनाच आधी इन्फेक्शन द्या, ते पूर्ण बरे झाल्याचा रिपोर्ट कमिटीसमोर आल्यावरच पुढची बॅच, ही अट मंजुरीच्या पत्रातच घाला. गंभीर काही झालं तर चोवीस तासांत कळवायचं हे नियमात आहेच. त्यात भर म्हणून दर रिपोर्टमध्ये एक वेगळा रकाना मागा: किती जणांनी मधेच सोडलं, कितव्या दिवशी, त्यांना कोणती गोळी दिली आणि त्यानंतरच्या महिन्यात त्यांच्याशी कोण बोललं.